तुरटीवाल्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, परवा मीच आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज, "टाकीत तुरटी फिरवा, पाणी निर्जंतुक होतं, उकळायची गरज नाही", तो अर्धाच खरा आहे. न तपासता पुढे ढकलला, चूक माझी, सॉरी.

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, माती खाली बसते आणि तिच्याबरोबर काही जंतूही बसतात, पण सगळे मरत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, संसर्गानंतर नसांवर होणारा आजार) पेशंट सापडले तेव्हा एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस मिळाले होते, आणि असले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी अगदी काचेसारखं असलं तरी.

मारायचं काम क्लोरीनचं. चांगली ब्लीचिंग पावडर 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं पाणी टाकीत ओतायचं, मग निदान तासभर थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीतच खर्च होतं म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन, असा क्रम आहे (आमची आजी तुरटी फिरवायची ती बरोबरच, पण ती नंतर पाणी उकळायचीही!). नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं द्रावण) थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, नाही आला तर क्लोरीन उरलेलं नाही.

आणि पिण्याचं पाणी उकळाच. तो जुना मेसेज मी डिलीट केलाय, तुम्ही कुठे पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका प्लीज.