धातूपर्यंत घासून विमानाचा खरा रंग सापडत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे आतले रंग ओळखायच्या ‘चार खात्रीशीर युक्त्या’ सांगणारा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या मेहुण्याने जुन्या विमानाच्या कॉकपिटमधली एक पट्टी हौसेने विकत घेतली आहे. हा मजकूर वाचून तो पॉलिश पेपर घेऊन बसलाच होता, नशिबाने आधी मला विचारलं. असे आणखी किती जण न विचारता घासत बसले असतील, या विचाराने संताप होतो.

सगळ्यात घातक युक्ती दुसरी: ‘शंका असेल तर धातू दिसेपर्यंत घासा. धातूला चिकटलेला थर हाच अस्सल रंग.’ अहो, धातूला चिकटलेलं असतं ते अस्तर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पहिला हात! अमेरिकी विमानांत ते बहुधा झिंक क्रोमेट या गंजरोधक रसायनाचं, मूळचं पिवळं. वैमानिकाला दिसायचा तो रंग त्यावर चढवलेला. म्हणजे या पद्धतीने उत्तर म्हणून हाती येणार अस्तर, आणि जो रंग शोधायचा होता त्याची झालेली असणार भुकटी. ही भुकटी साधी नाही. झिंक क्रोमेटमधला क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि तो कोरडा घासा म्हणून सांगताना मास्कचा उल्लेखसुद्धा नाही. त्या काळच्या अंधारात चमकणाऱ्या डायलांवर किरणोत्सारी रेडियम असायचं, त्याबद्दलही अवाक्षर नाही.

घासणं सर्वस्वी चूक आहे का? नाही, एवढं मान्य करतो. ब्रिटनमधल्या येओविल्टनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये केडी ४३१ क्रमांकाचं कॉर्सेअर विमान आहे. १९६३ मध्ये त्यावर नवा रंग दिला गेला होता. पुढे तो हाताने, अत्यंत सावकाश उतरवला आणि खालचा १९४४ चा कारखान्यातला रंग उघडा केला. त्या लोकांचं खरं कसब थांबण्यात होतं. जुना रंग लागला की हात थांबला, धातूपर्यंत गेलाच नाही. आपल्यासारख्यांनी तर एवढंही करू नये. एखाद्या क्लॅम्पखाली किंवा नावाच्या पट्टीखाली, जिथे ऊन आणि ब्रश दोन्ही पोचले नाहीत, तिथला बारीक पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा कापून पाहिला की सगळे थर क्रमाने दिसतात. बाकीची वस्तू शाबूत राहते, उद्या कुणाला पुन्हा तपासता येते.

शिवाय ‘अस्सल’ म्हणजे कधीचा? युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि ती १९६८ पर्यंत भारतीय हवाई दलात होती. जगातल्या संग्रहालयांत आज उभी असलेली बरीच लिबरेटर यांतलीच. अशा विमानात अमेरिकी, ब्रिटिश आणि भारतीय हातांचे थर एकावर एक सापडू शकतात. मधला थर घासून टाकला तर त्या विमानाची तेवढी वर्षं गेली.

पहिली युक्ती म्हणते, ‘सगळ्या विमानांचं कॉकपिट झिंक क्रोमेट ग्रीन, एफएस ३४१५१.’ यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेने १९४३ मध्ये ठरवलेला ‘इंटीरियर ग्रीन’ या छटेच्या बराच जवळ जातो. पण ‘एफएस’ क्रमांक ज्या अमेरिकी सरकारी रंगसूचीतले, ती एफएस ५९५ ही सूचीच १९५६ ची. युद्धकाळातल्या कारखान्याने तो क्रमांक पाहिलेलाच नाही. आणि ‘सगळ्या’ म्हणजे कुठल्या? जर्मनांकडे (त्यांच्या हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे ‘आरएलएम’च्या क्रमांकांनुसार) आधी करडा-हिरवट आरएलएम ०२, मग १९४१ च्या अखेरीपासून काळपट करडा आरएलएम ६६. ब्रिटिशांचा वेगळाच ग्रे-ग्रीन. जपानी झिरो लढाऊ विमान मित्सुबिशी कंपनीने बांधलं की नाकाजिमा कंपनीने, यावरसुद्धा कॉकपिटची छटा बदलते. आतल्या सांगाड्यावर ‘आओताके’ नावाचा पारदर्शक निळसर-हिरवा थर असायचा, तो निराळाच.

तिसरी युक्ती मोबाइलने फोटो काढून रंग जुळवायची. प्रकाश बदलला की फोटोतला रंग बदलतो, यावर अधिक लिहायची गरज नाही.

चौथी, ‘संग्रहालयातलं विमान म्हणजे पुरावा.’ पुन्हा रंगवलेलं विमान हे रंगवणाऱ्याचं मत असतं. मूळ रंग जपलेली विमानं थोडी आहेत. अमेरिकेच्या स्मिथसोनियनमधलं दोनशेहून अधिक मोहिमा केलेलं बी-२६ बॉम्बर ‘फ्लॅक बेट’ त्यांतलं एक, आणि ते नवं कोरं न करता आहे त्या रंगासकट टिकवायचं असंच तिथल्या लोकांनी ठरवलं.