एसीचा प्रामाणिक गैरसमज

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, की घराघरात दोनच पंथ उरतात: एक ओल्या खसाच्या ताट्यांचा कूलर मानणारा आणि दुसरा एसी मानणारा. आमच्याकडे सासूबाई पहिल्या पंथाच्या आणि आम्ही उभयता दुसऱ्या. त्यामुळे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला चार दिवस उरलेले असताना आमच्या दीड टनी एसीने असहकार पुकारला, तेव्हा तो निव्वळ बिघाड न राहता धर्मांतराचा प्रश्न होऊन बसला.

हा असहकारही असा, की तक्रार नेमक्या कोणत्या शब्दांत मांडावी तेच कळेना. एसी सुरू होई, गच्चीवरचे युनिट घरघरू लागे, पाच-सात मिनिटे अंगावर गार झुळूक येई आणि मग 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबे. आतला पंखा मात्र काहीच घडले नसल्यासारखा खोलीतलीच गरम हवा आमच्या तोंडावर मारत राही. सेटिंग २४ चे, घड्याळातला तापमापक ३४ दाखवणारा आणि एसीच्या पट्टीवर कोणताही एरर कोड नाही. आजारी माणसाने हसतमुखाने 'मी ठणठणीत आहे' म्हणावे, तसा त्याचा थाट होता.

ह्यांनी तातडीने मेकॅनिकला बोलावले. त्याने गॅसचा दाब मोजणारे गेज न लावता, केवळ वर मान करून निदान केले, "मॅडम, गॅस गेली ना याची." एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे, तो बंद नळ्यांतून फिरत असतो, कुठे गळती नसेल तर कमी होत नाही आणि गळती असेल तर ती बुजवल्याशिवाय भरून उपयोग नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. त्याने किती गॅस भरला हे त्याला आणि ईश्वरालाच माहीत. मला फक्त रक्कम माहीत आहे. रात्री पुन्हा 'टक्'. शेजारच्या काकांच्या सल्ल्याने मग स्टॅबिलायझर बदलून पाहिला, तर फरक एवढाच पडला, की आता दोन 'टक्' ऐकू येऊ लागले.

खरे निदान केले ते विरोधी पक्षाने. कूलरसमोर पाय पसरून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बिघडला नाही बाई तो. त्याचं पोट लवकर भरते."

मी गणिताची शिक्षिका असल्याने हे वाक्य मला रात्रभर छळत राहिले. पहाटे उठून मी रिमोटवर आकडे बदलत वही घेऊन बसले. २४ लावले, की कॉम्प्रेसर खोली ३४ वर असताना थांबे. १६ लावले, की साधारण २६ वर. म्हणजे यंत्र बेशिस्त मुळीच नव्हते, ते अत्यंत नियमाने दहा अंशांनी चुकत होते. वर्गात एखाद्या मुलाची सगळी उत्तरे सारख्याच फरकाने चुकली, तर त्याचे डोके नव्हे, त्याने उतरवून घेतलेले गणित तपासावे लागते.

एमसीबी (विजेचा खटका) पाडून, ह्यांना स्टूल धरायला लावून मी पुढचे झाकण उघडले. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीसमोर, प्लॅस्टिकच्या चिमट्यात, उडदाच्या दाण्याएवढा एक काळा मणी दोन बारीक वायरींना लटकत होता. खोली किती तापली आहे, हे एसीला सांगणारा दूत, म्हणजे सेन्सर, तो हाच. (तांब्याच्या नळीत खोचलेला त्याचा भाऊ कॉइलचे तापमान पाहतो, त्याच्याशी आमचे भांडण नव्हते.) सर्किट बोर्डावरून त्याची पिन काढून मी मल्टिमीटर लावला आणि त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजला, तर आकडा आला बरोबर १० किलोओम. सीताबर्डीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलेच होते, "तुमच्या मॉडेलला दहा के लागते." सेन्सर निर्दोष, असा निकाल देऊन मी स्टुलावरून उतरले आणि सर्किट बोर्डाच्या किमतीच्या विचाराने मला पुन्हा घाम फुटला.

चहा निम्मा झाल्यावर चूक लक्षात आली. हा दहाचा आकडा २५ अंशांवरचा असतो. तापमान वाढते तसा या मण्याचा रोध घटत जातो. आमच्या स्वयंपाकघरालगतच्या त्या खोलीत तेव्हा ३६ अंश होते, तेव्हा रोध सव्वासहाच्या आसपास यायला हवा होता. दहा दाखवणारा मणी छत्तीस अंशांच्या भट्टीत लटकून 'इथे २५ आहे हो' असे बोर्डाला कळवत होता. बिचाऱ्या एसीने हा निरोप खरा मानून, दोन अंश उतरताच कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने कॉम्प्रेसर थांबवला, यात त्याचे काय चुकले? वायर तुटली असती, तर एरर कोड आला असता. पण पटण्याजोगे खोटे बोलणाऱ्याला कोणतेही यंत्र पकडू शकत नाही. खात्रीसाठी मणी बर्फाच्या पाण्यात बुडवला. तिथे ३३ च्या आसपास आकडा हवा, तर मीटर ५० च्या पुढे गेला. बहुधा वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने त्याची मती फिरली असावी.

नवा सेन्सर दोनशे रुपयांच्या आत आला आणि बसवायला पाच मिनिटे लागली. गॅसवाल्याच्या पावतीकडे मी त्यानंतर पाहिलेले नाही.

त्या रात्री मात्र ह्यांनी गेल्या काही दिवसांच्या सवयीने रिमोटवर १६ लावले आणि आम्ही झोपलो. अडीच वाजता जाग आली, तेव्हा खोली २० वर होती, हे अंगाचे मुटकुळे करून पडले होते आणि ऐन मे महिन्यात नागपुरात माळ्यावरून गोधड्या काढण्यासाठी मी पुन्हा त्याच स्टुलावर चढले. आवाजाने जागे होऊन सासूबाई दारात आल्या, वर पाहून म्हणाल्या, "आता याचं पोट भरतच नाही वाटते," आणि कूलरसमोर जाऊन शांतपणे झोपल्या.