पाच वेळा हरलेला सेक्रेटेरिएट

सेक्रेटेरिएट या अमेरिकन रेसच्या घोड्याचं नाव निघालं की बंड्याचं ठरलेलं. "21 रेस, 16 विजय. पाच वेळा हरलेला घोडा सगळ्यांत मोठा कसा? मॅन ओ' वॉर 21 मध्ये एकदाच हरलाय."

"1973 ची केंटकी डर्बी बघ," सुहास म्हणाला. "सव्वा मैल, आणि प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात. पहिला 25.2 सेकंदांत, शेवटचा 23 मध्ये. बाकीचे दमतात तिथे हा वेग वाढवत होता!"

"आणि त्याच वर्षी व्हिटनीत ऑनियनकडून हरला, वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटकडून. दोन्ही घोडे एकाच ट्रेनरचे, ॲलन जर्कन्सचे. वुड मेमोरियलला तर तिसरा."

"तेव्हा तोंडात गळू झालं होतं त्याला."

"हरलं की सगळ्यांनाच काहीतरी झालेलं असतं!"

टाळी बंड्याला मिळाली. हक्काचीच होती.

पण त्याच वर्षीच्या बेलमाँटच्या रेसपुढे बंड्याचंही फारसं चालत नाही. दीड मैलाची रेस, आणि शाम नावाचा घोडा सेक्रेटेरिएटला सुरुवातीपासूनच भिडला. पहिले सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, 1:09.8 मध्ये. एवढ्या लांब रेसमध्ये असं पळणं म्हणजे वेडेपणा. शाम त्यात संपला, पाचांत शेवटचा आला. सेक्रेटेरिएट 31 लेंथनी (घोड्याच्या 31 लांब्यांनी) जिंकला, वेळ 2:24. तो फोटो बघा: जॉकी रॉन टरकॉट मान वळवून टायमिंगच्या बोर्डाकडे बघतोय, आसपास एकही घोडा नाही. मला मात्र वाईट वाटतं ते शामचं. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तो डर्बी मारून गेला असता.

"बरं, पुढे काय?" नितीनने नवीन फाटा फोडला. "डर्बीच्या आधीच त्याच्या पैदाशीच्या हक्काचे 32 शेअर विकून 60 लाख 80 हजार डॉलर उभे केले. म्हणून तर चौथ्या वर्षी पळवला नाही, स्टडला, म्हणजे पैदाशीला पाठवला. आणि त्याच्या मुलांपैकी मोठा सायर, म्हणजे नामी पिल्लांचा बाप, कोण झाला?"

"मुलं सोड, लेकी बघ," अण्णा म्हणाले. "वीकेंड सरप्राइजचा ए. पी. इंडी, टरलिंग्वाचा स्टॉर्म कॅट. अमेरिकेतले दोन बडे सायर, दोघांचा आजोबा हाच. 2025 च्या डर्बीत पळालेला एकूण एक घोडा याच्या रक्ताचा. वंशाला दिवा हवा म्हणणाऱ्यांना स्टडबुक, घोड्यांच्या वंशावळीची वही, वाचायला द्या."

सुहासने हुकमी पान काढलं. "1989 मध्ये गेला तेव्हा हृदय 22 पौंडांचं निघालं. साध्या घोड्याच्या दुप्पट!"

"वजन केलं होतं?"

"नाही, डॉक्टरांचा अंदाज."

"मग तो आकडा धरायचा नाही," बंड्या म्हणाला.