खुलासा : रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ड्राफ्टमधून निवडले गेले नव्हते

उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग नव्हे) आणि दिनेश पटेल यांची अमेरिकेच्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) निवड झाली होती, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. 1965 साली सुरू झालेला हा ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंपुरताच असतो. इतर देशांतील खेळाडूंशी संघ थेट करार करतात. या दोघांशीही मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील पिट्सबर्ग पायरेट्स संघाने नोव्हेंबर 2008 मध्ये असाच थेट करार केला.

चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची केवळ चेंडूच्या वेगावर निवड होते, हे त्याच मजकुरातील विधानही अर्धवट आहे. होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) रडार गन रोखून बसलेला स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, वेग टिपतोच, पण नियंत्रण आणि वळणारा चेंडू यांना 20 ते 80 या मापावर वेगवेगळे गुण देतो, ज्यात 50 म्हणजे मेजर लीगमधील सरासरी; शिवाय खेळाडू आज कसा आहे आणि पुढे कसा होऊ शकेल, हे दोन्ही आकडे तो शेजारी शेजारी लिहितो. भालाफेकीतून आलेल्या या मुलांच्या बाबतीत मोल होते ते या दुसऱ्या आकड्याला.

दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. तरीही कधी बेसबॉल हाती न धरलेल्या मुलांनी वर्षभराच्या आत व्यावसायिक करार मिळवला, ही त्यांची खरी कमाई आहे आणि ती जशी आहे तशीच सांगितली जावी.