लाहोरच्या आधीही गाण्याच्या शाळा होत्या

मे महिना आला की पं. विष्णु दिगंबर पलुस्करांवरचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. 5 मे 1901 रोजी बुवांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, इथपर्यंत तो बरोबर आहे. पुढचे दावे असे: ही भारतातली पहिली संगीतशाळा, त्याआधी गाणे दरबारात आणि कोठ्यांवर कोंडलेले होते, तिकीट काढून गाणे ऐकायची सोयही बुवांनीच केली, आणि स्वरलिपी, म्हणजे गाणे कागदावर लिहून ठेवायची पद्धत, त्यांनी व संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मिळून शोधली.

‘पहिली शाळा’ हे आधी घेऊ. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा 1886 सालीच सुरू झाली होती. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, तिच्यात क्रमिक पुस्तके छापली. आजच्या सयाजीराव विद्यापीठातल्या संगीत विभागाचे मूळ तेच. कलकत्त्यात सौरींद्रमोहन टागोरांची शाळा त्याहून जुनी, 1871ची. पुण्याचा गायन समाज 1874चा. तेव्हा बुवा दोन वर्षांचे होते.

‘दरबारात कोंडलेले’ या दाव्याला उत्तर खुद्द भातखंड्यांच्या चरित्रात आहे. मुंबईत कैखुश्रू काबराजींनी 1870 साली पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली होती. वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे 1884 साली तिचे सभासद झाले. रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे, अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल, असा शेकडो चिजांचा साठा या वकिलाने तिथे जमवला. ना दरबार, ना गुरूच्या घरी पाणी भरणे. (शहरी मध्यमवर्गाला गाणे मिळाले त्यात पारशी मंडळींचा केवढा वाटा, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

तिकिटाचे तर मराठी माणसाने बोलूच नये! अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले. पुढची वीस वर्षे लोक पदरचे पैसे मोडून रागदारीवर बांधलेली पदे ऐकत होते, वन्समोअर घेत होते. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून पलुस्कर 1896 साली बाहेर पडले, सौराष्ट्रात त्यांनी लोकांसाठी जाहीर जलसा केला. नाटकाशिवाय, निव्वळ गाण्यासाठी तिकीट लावायला धाडस लागले असणार. पण पैसे मोजून ऐकणारा श्रोता आधीच तयार होता.

आणि स्वरलिपी? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त सा-रि-ग अशा अक्षरांत लिहिलेल्या चाली आहेत. ‘मिळून शोधली’ हे तर साफ खोटे. दोघांच्या पद्धती वेगळ्या. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, पलुस्कर पद्धतीत हलंतासारखी खूण येते.

मग बुवांनी केले काय? बडोद्याची शाळा संस्थानाच्या खजिन्यावर चालत होती. बुवांनी लाहोरसारख्या परक्या मुलखात, राजाश्रय न घेता, वर्गण्या आणि जलशांच्या पैशांवर शाळा उभी केली. दुसरे त्याहून मोठे. गायक घडवण्याइतकेच त्यांचे लक्ष शिक्षक घडवण्याकडे होते. त्यासाठी उपदेशक वर्ग होता. मुले वर्षानुवर्षे संस्थेत राहून शिकत आणि पुढे गावोगाव शिकवायला जात. असे यंत्र आधीच्या कुठल्याच शाळेने उभारले नव्हते, आणि नेमके हेच त्या मजकुरात नाही.

त्याची किंमतही मोजावी लागली. 1908 साली ते मुंबईत आले, कर्ज काढून इमारत बांधली, पुढे ती लिलावात गेली. पण विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर या त्यांच्या शिष्यांना लिलाव लागू नव्हता. 1931च्या ऑगस्टमध्ये बुवा मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. विशारद आणि अलंकारच्या परीक्षा आजही तेच घेते.