अंगठा भराभर चालतो, एवढंच

आमच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तिघांनी टाकला. त्याचा सारांश असा: आजची मुलं ‘डिजिटल नेटिव्ह’, म्हणजे जन्मापासूनच तंत्रज्ञानात वाढलेली आहेत. त्यांना तंत्रज्ञान शिकवावं लागत नाही, त्यांचा मेंदूच वेगळा घडलाय, ती एका वेळी चार कामं करतात, त्यांचं लक्ष गोल्डफिश माशाहूनही कमी, आठच सेकंद टिकतं, सगळं गुगलवर असल्यामुळे पाठांतर नको, तेव्हा आता शिक्षकांनीच मुलांकडून शिकावं. खाली जोडलेले हात. मी बडोद्यात शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, ‘खरं का गं?’

शिकवावं लागत नाही, हे वाचून हसूच आलं. रील कापून त्यावर गाणं चढवणारा मुलगा लॅबमध्ये येऊन विचारतो, ‘मॅम, फाइल सेव्ह केली, पण गेली कुठे?’ फोल्डर ही भानगड त्याला ठाऊक नसते, कारण फोनमध्ये फोटो आपसूक गॅलरीत जाऊन बसतात. ई-मेल लिहायला सांगितला, तर अख्खं पत्र विषयाच्या रकान्यात. पोरांचा दोष नाही यात. कुणाला काही शिकावंच लागू नये अशीच ही ॲप्स घडवलेली असतात. २०१८ साली अनेक देशांतल्या आठवीच्या मुलांची कॉम्प्युटरवर एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. सर्वांत वरच्या पातळीला, म्हणजे माहिती पारखून वापरण्यापर्यंत, सरासरी २ टक्के मुलं पोचली. आपल्याकडे ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता, त्याच पाहणीत जवळपास पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता आला नाही. आणि ‘सगळ्यांच्या हातात फोन’ म्हणताना एक विसरतो आपण: वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांत ४४ टक्क्यांकडे, मुलींत २० टक्क्यांकडे.

मेंदूचं म्हणाल, तर ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द अमेरिकेतल्या मार्क प्रेन्स्की यांच्या २००१ च्या लेखामुळे पसरला. मुलांच्या मेंदूत बदल झाला असावा, हा त्यांचा अंदाज होता. पुढे २००९ मध्ये ते स्वतःच हा शब्द मागे ठेवून ‘डिजिटल शहाणपणा’बद्दल लिहू लागले. मेसेजमध्ये मात्र अजून २००१ चालू आहे.

या मुलांना चित्रांतूनच कळतं, असंही त्याच दमात म्हणतात. अहो, चित्रांतून तर आपल्या पणज्यांनाही कळत होतं. बडोद्याच्या महाराज सयाजीरावांनी संस्थानात ग्रंथालयं उभी केली, १९१० मध्ये त्यासाठी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालसाहेबांना आणलं, तेव्हा त्या ग्रंथालय खात्यात जादूचे दिवे (म्हणजे पडद्यावर चित्रं पाडणारे कंदील) आणि सिनेमा दाखवणारी शाखाही होती. पण तिच्यासाठी गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या कुणी बंद केल्या नाहीत. आणि १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं ते होतंच.

एका वेळी चार कामं? स्टॅनफर्डच्या २००९ च्या अभ्यासात जे सतत अनेक पडद्यांवर असत, तेच एका कामावरून दुसऱ्यावर जाताना जास्त अडखळले. आठ सेकंद आणि गोल्डफिश ही गोष्ट २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अहवालातून पसरली. आकडा त्यांनी मोजलेला नव्हता, दुसरीकडून उचललेला होता, आणि त्यामागचा मूळ अभ्यास शोधणाऱ्यांना सापडला नाही. माशाला महिनोन्‌महिने आठवतं. क्रिकेटची मॅच असली की आमच्या पोरांनाही.

आता ‘गुगल आहे ना’. या वर्षी सयाजीरावांवर प्रोजेक्ट दिला होता. एका हुशार मुलाने सुरेख छापून आणला. जन्म १८६३, राज्यारोहण १८१९! जन्माआधी चव्वेचाळीस वर्षं महाराज गादीवर. झालं असं की गादीवर याच नावाचे दुसरे सयाजीराव १८१९ मध्ये आले, तिसरे १८७५ मध्ये, हे त्याला माहीतच नव्हतं. शोधलं तेव्हा दोघं समोर आले आणि त्याने दोघांचं मिळून एक चरित्र केलं. मी विचारल्यावर म्हणतो, ‘पण मॅम, दोन्ही बरोबर आहे, मी चेक केलं.’ खरंच बरोबर होतं दोन्ही. दोन सयाजीराव आहेत एवढं डोक्यात असतं, तर खटकलं असतं. सनावळ्या घोकून घ्यायच्या बाजूची मी नाही, पण खटकण्यापुरतं तरी डोक्यात आधी हवं ना? ते नसलं की गुगलसमोर माणूस लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखा असतो, जेवण मिळतं, पण नवरा-नवरी कोण ते कळत नाही.

राहिलं शिक्षकांनी मुलांकडून शिकण्याचं. ते मला मान्य आहे, अगदी आनंदाने. मराठीत बोलून टाइप करायला मला आठवीतल्या एका मुलीनेच शिकवलं. आता सासूबाईंची यादी मी तशीच लिहिते. त्याच मुलीने ‘माझं शहर’ हा निबंध बोलून लिहिला. मांडवी दरवाजाचं मोठं वर्णन होतं. कागदावर सगळीकडे ‘मांडीचा दरवाजा’ उमटला होता. ‘अगं, वाचून नाही का बघितलंस?’

‘वाचायचं पण होतं?’ ती म्हणाली.