घुरघुरणारी मांजर नेहमी सुखातच असते, हे खरे नाही

“मांजर घुरघुरते आहे म्हणजे ती सुखात आहे, तिला दवाखान्यात नेण्याचे कारण नाही,” असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यातले पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे थेट घातक. मांडीवर अंग सैल सोडून, पुढच्या पंजांनी कणीक मळल्यासारखे करत घुरघुरणारी मांजर बहुधा समाधानी असते, हे खरेच; पण विताना, जखमी असताना, इतकेच काय, शेवटच्या घटका मोजतानाही मांजरी घुरघुरतात, आणि हे पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. खाणे मागताना काही मांजरी घुरघुरीतच रडण्याजवळचा एक उंच स्वर मिसळतात, असे ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. म्हणून आवाजाबरोबर शरीरही पाहावे. पाय पोटाखाली घेऊन, पाठ गोळा करून, कान बाजूला पाडून आणि डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसलेली, आवडत्या बांगड्याचा तुकडाही न हुंगणारी मांजर घुरघुरत असली तरी तिला वेदना होत असण्याची शक्यता मोठी. तिने दिवसभर अन्नाला तोंड लावले नसेल, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मात्र कदापि देऊ नये, मांजरीसाठी ती विषच आहे.